टेकऑफनंतर इंजिन बंद पडलं, तर पायलट मागे वळून धावपट्टीवर का उतरत नाही?

प्रश्न थोडक्यात असा : एका चार आसनी खासगी विमानाच्या अपघाताचा व्हिडिओ पाहिला. विमान उठलं, अडीच-तीनशे फुटांवर इंजिनाचा आवाज गेला, विमान डावीकडे वळलं आणि वळता वळता एक पंख एकदम खाली जाऊन गिरकी घेत आदळलं. मागे एवढी लांब धावपट्टी रिकामी असताना पायलट परत का आला नाही? आणि एक मित्र त्याच्या विमानातून फेरी मारायला बोलावतोय, तर जावं का?

त्या विशिष्ट अपघाताबद्दल मी काही बोलणार नाही. टाकीत काय होतं, सिलिंडरमध्ये काय झालं हे व्हिडिओत दिसत नसतं. ते तपास करणाऱ्यांचं काम. पण वीसेक वर्षं छोट्या विमानांवर शिकवत आलोय आणि तुम्ही वर्णन केलेला आकार, म्हणजे चढाई, शांतता, वळण, गिरकी, हा आमच्या धंद्यात इतका ओळखीचा आहे की तुमचा प्रश्नच मी उलटा करतो. तो परत का आला नाही? तो परतच येत होता. इंजिन बंद पडल्यामुळे विमान उतरावं लागतं. पडतं ते बहुतेक वेळा त्या वळणामुळे.

आकडे घेऊन बघू. उदाहरणाला सेस्ना १७२ घेतो, कारण जगात सर्वांत जास्त संख्येने बनलेलं विमान तेच आणि मी सर्वांत जास्त बसलोय तेही त्यातच. त्याचं १७२ एस हे मॉडेल पूर्ण वजनाला साधारण ७४ नॉटने चढतं (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). इंजिनाशिवाय तरंगत उतरायचा त्याचा उत्तम वेग ६८ नॉट. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या खाली सोडता येणाऱ्या झडपा, वर असताना सरळ उड्डाणात ४८ नॉटच्या आसपास ते स्टॉल होतं, म्हणजे पंखांवरचा हवेचा प्रवाह तुटतो आणि उचल कोसळते. कागदावर ७४ आणि ४८ मध्ये भरपूर अंतर दिसतं. पण चढाईत नाक वर असतं. ताकद गेली की वेग सेकंदा-सेकंदाला उतरू लागतो, आणि पायलटला त्या क्षणी नाक खाली ढकलायचं असतं. नुसतं सैल सोडून चालत नाही, ढकलायचंच. पुढच्या काचेत आकाशाच्या जागी जमीन येईपर्यंत. आता जमीन तीनशे फुटांवर असताना तिच्याकडे नाक करायचं, हे शरीराला अजिबात पटत नाही. हात मागेच ओढतो.

त्यात पहिले तीन-चार सेकंद तर ‘हे खरंच घडतंय का’ यातच जातात. आम्ही हिशेबात चार सेकंद धरतो. विद्यार्थी हसतात, चार सेकंद म्हणजे कितीसे! मग एके दिवशी सुरक्षित उंचीवर न सांगता थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा, मागे घ्यायचं आणि मनातल्या मनात मोजायचं. चारच्या आत हलणारे थोडेच.

आता वळण. लोकांना वाटतं १८० अंश वळलं की धावपट्टी समोर. तसं नसतं. ६८ नॉट वेगाने, ४५ अंश कलून वळलात तर वर्तुळाची त्रिज्या साधारण सव्वाशे मीटर भरते. म्हणजे १८० अंश पूर्ण झाल्यावर तुम्ही धावपट्टीला समांतर, पण अडीचशे मीटर बाजूला असता. धावपट्टीवर यायला आणखी चाळीस-पंचेचाळीस अंश वळायचं आणि मग तेवढंच उलटं वळून सरळ व्हायचं. एकूण सुमारे २७० अंश. या कलण्याला सेकंदाला सोळा अंशांच्या आसपास वळण मिळतं, म्हणजे सतरा सेकंद, अधिक सुरुवातीचे चार. आणि एवढं कललेलं विमान सरळ तरंगणाऱ्या विमानापेक्षा कितीतरी जोरात खाली येतं. भरपूर उंचीवर, आधी माहीत असताना, शांत डोक्याने करून बघितलं तरी या विमानाचे साधारण चारशे ते सहाशे फूट जातात. तुमच्या व्हिडिओतल्या पायलटकडे होते अडीचशे-तीनशे. धावपट्टी रिकामी होती, पण तिच्यापर्यंत पोचायला लागणारी उंची त्याच्याकडे नव्हतीच.

इथपर्यंत नुसतं ‘पोचणार नाही’ एवढंच झालं. मारतो तो पुढचा भाग. विमान कललं की पंखांना विमानाच्या वजनाहून जास्त भार पेलावा लागतो, आणि स्टॉलचा वेग वर सरकतो. ३० अंशांना ४८ चे साधारण ५१-५२ नॉट होतात, ४५ ला ५७, आणि ६० अंशांना ६८. म्हणजे ज्या वेगाला आपण सुरक्षित तरंगण्याचा वेग म्हणतो, नेमका तोच. पायलट खांद्यावरून मागे बघतो, धावपट्टी अजून बाजूलाच दिसते, म्हणून आणखी कलतो. जमीन जवळ येतेय म्हणून योक, म्हणजे विमानाचं स्टीअरिंग, ओढतो. एवढं कलायची भीती वाटते तेव्हा नकळत आतल्या बाजूचा रडर (शेपटीवरची उभी झडप फिरवणारं पायातलं पेडल) दाबतो, म्हणजे नाक तरी लवकर फिरेल. हा रडर घात करतो. विमान घसरत वळू लागतं, आतला पंख आधी स्टॉल होतो आणि तो पंख खाली, नाक खाली, गिरकी सुरू. गिरकीतून बाहेर काढायची पद्धत आहे, पण तिला हजारभर फूट लागतात. तुम्हाला विमान ‘एकदम’ पडल्यासारखं दिसलं ते यामुळे. आत मात्र ते दहा-बारा सेकंद आधीपासून शिजत होतं.

वाऱ्याबद्दलही सांगायला हवं, कारण ते फारसं कुणी सांगत नाही. टेकऑफ वाऱ्याच्या तोंडावर करतात. मागे वळलात की तोच वारा पाठीवर. झाडं, कुंपण भराभर मागे पळू लागतात, डोळ्यांना वाटतं वेग खूप आहे आणि हात आपोआप नाक उचलतो, वेगाचा काटा मात्र पडतच असतो. शिवाय दहा नॉटचा वारा असेल आणि विमान ४५ नॉटने टेकत असेल, तर समोर उतरल्यावर जमिनीवरचा वेग ३५ नॉट आणि पाठीमागून वारा घेऊन उतरल्यावर ५५. आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती जवळपास अडीचपट.

म्हणून आम्ही रटवून घेतो : नाक खाली, समोर उतर, फार तर थोडं डावं-उजवं. समोर शेत असेल, रस्ता असेल, झुडपं असतील. विमान मोडेल. मोडू दे. माणसं वाचायला थांबायला लागणारं अंतर आश्चर्य वाटावं इतकं कमी असतं. ताशी ५० मैलांवरून, म्हणजे ८० किलोमीटरवरून, एकसारख्या ९ जी दराने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट जोराने, थांबायला तीन मीटरही लागत नाहीत, आणि खांद्याचा पट्टा नीट बांधलेला असेल तर माणूस ९ जी सोसतो. दोन झाडांच्या मधून केबिन गेली आणि पंख झाडांवर राहिले, तर पंखांनी आपलं काम केलं. सरळ पंखांनी, ताब्यात, स्टॉल न होता जमिनीला भिडलेलं विमान आणि नाकावर गिरकी खात पडलेलं विमान यांची तुलनाच होत नाही.

हे सगळं मला तोंडपाठ असताना माझ्याबरोबर काय झालं तेही सांगतो. रात्रभर पाऊस पडला होता, विमान उघड्यावर आणि किंचित उतारावर उभं होतं. विद्यार्थ्याने सकाळी टाक्यांच्या तळातून इंधनाचा नमुना काढला, काचेच्या पेल्यात धरून बघितला, मीही लांबूनच मान हलवली. दोनेकशे फुटांवर इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि ताकद निम्म्यावर आली. विद्यार्थ्याचा हात योक डावीकडे नेऊ लागला. आणि माझी मान? माझीही डावीकडेच, मागे धावपट्टी बघायला. ती अर्धी नजर मला अजून आठवते. मग ‘माझं विमान’ म्हणून योक घेतला, नाक ढकललं, थ्रॉटल बंद केलं. नशिबाने धावपट्टी लांब होती, समोर सहाशे मीटर उरली होती, फ्लॅप टाकून तिच्यावरच बसवलं. टोकाच्या दिव्यांच्या अलीकडे थांबलो तेव्हा लक्षात आलं, उजवा पाय ब्रेकवर थरथरतोय आणि विद्यार्थी अजून योक धरूनच बसलाय.

नंतर टाकीच्या झाकणाची रबरी कडी बघितली तर चिरलेली. पावसाचं पाणी त्यातून आत गेलं होतं. पाणी इंधनापेक्षा जड, तळाला बसतं. पण विमान उतारावर असल्याने ते ड्रेनपासून, म्हणजे नमुना काढायच्या तळाच्या तोंडापासून, दूर कोपऱ्यात साचलं होतं. नाक वर गेल्यावर ते सरकून इंधन ओढणाऱ्या तोंडाशी आलं. नमुना स्वच्छ आला होता, पण चुकीच्या कोपऱ्यातला. तेव्हापासून पाऊस झाला असेल तर विमान सपाटीवर आणून, पंख हलवून, थोडा वेळ थांबून पुन्हा नमुना काढायला लावतो. आणि पेला आकाशाच्या दिशेने नाही, पांढऱ्या रंगावर धरायचा. १०० एलएल हे छोट्या विमानांचं पेट्रोल फिकट निळं असतं. पेल्यात सगळं पाणीच आलं असेल तर दोन थरांमधली रेघच दिसत नाही, सगळं एकजीव स्वच्छ दिसतं, आणि मागे निळं आकाश असेल तर फसायला होतं. बोट बुडवून वास घ्यावा.

मागे वळणं कधीच बरोबर नसतं का? असतं. उंची पुरेशी असेल तर नक्कीच वळावं, आणि प्रशिक्षकांमध्ये यावरून वाद चालू असतात. काहींना ‘कधीच वळू नका’ हे शिकवणंच धोक्याचं वाटतं, कारण हजार फुटांवर पुढे फक्त इमारती असतील तर वळणंच शहाणपणाचं. माझं मत : ज्याने स्वतःचा आकडा मोजलेला नाही, त्याने वळू नये. मोजायची रीत सोपी आहे. प्रशिक्षकाला घेऊन तीन-चार हजार फुटांवर जा, चढाईच्या वेगाला थ्रॉटल बंद करा, चार मोजा, मग २७० अंश वळा आणि किती फूट गेले ते लिहून ठेवा. त्यात निम्मे आणखी मिळवा, कारण खऱ्या दिवशी तुम्ही एवढे सफाईदार नसणार. तो आकडा धावपट्टीच्या उंचीत मिळवून थ्रॉटल पुढे नेण्याआधी मोठ्याने म्हणा : ‘याच्याखाली समोर, याच्यावर डावीकडे.’ आडवा वारा असेल तर तो ज्या बाजूने येतोय त्या बाजूला वळायचं, म्हणजे वारा तुम्हाला धावपट्टीकडे ढकलतो. एवढं म्हणायला दहा सेकंद पुरतात. हवेत ठरवायला गेलात तर तेच चार सेकंद खाऊन टाकतात.

इंजिन नेमकं टेकऑफलाच का दगा देतं? एक तर पूर्ण ताकद पहिल्यांदा तेव्हाच मागितली जाते. कमकुवत मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारं यंत्र), अडकणारा व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधला बर्फ हे विमान जमिनीवर चालवत नेताना लपून राहतात. दुसरं म्हणजे इंधनाचा सिलेक्टर, कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारी चावी. तो चुकून बंद असला तरी नळ्यांत आणि कार्बोरेटरच्या वाटीत इंजिन चालू करून धावपट्टीपर्यंत पोचण्याइतकं, कधी कधी उठण्याइतकंही इंधन असतं. मग ते बरोब्बर नको त्या उंचीवर संपतं. म्हणून सिलेक्टरला हात लावून बघायचा, नुसत्या डोळ्यांनी नाही.

पण टेकऑफच्या बऱ्याच अपघातांत इंजिन शेवटपर्यंत ठणठणीत असतं. तिथे कारण असतं हवा आणि वजन. हवा गरम झाली की विरळ होते. पंखांना, प्रोपेलरला आणि इंजिनाला, तिघांनाही कमी मिळते. समुद्रसपाटीला प्रमाण तापमान १५ अंश सेल्सिअस धरतात आणि दर हजार फुटांना साधारण २ अंश कमी. ३००० फुटांवरच्या धावपट्टीला म्हणजे ९ अंश. तिथे दुपारी ३५ असेल तर २६ अंश जास्त, आणि दर जादा अंशाला सुमारे १२० फूट मिळवायचे. विमानाच्या लेखी ती धावपट्टी ६१०० फुटांवर आहे. साध्या इंजिनाची सुमारे पाचव्या हिश्श्याची ताकद तिथेच गेली, आणि मिक्स्चर नीट पातळ केलं नाही, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी केलं नाही, तर आणखी थोडी.

असं विमान जमिनीवरून सुटतं मात्र, हाच त्याचा कावा. जमिनीच्या अगदी जवळ पंखांमागचे भोवरे दबतात आणि उचलीसोबत येणारा विरोध कमी होतो. पंखांच्या लांबीच्या एक दशांश उंचीवर तो जवळपास निम्म्यावर येतो. पायलटला वाटतं, उडालो. तो नाक उचलतो, विमान त्या गादीवरून वर येतं आणि तिथे त्याला पेलायला ताकद नसते. व्हिडिओत ही विमानं धावपट्टीपलीकडे नाक वर करून डुलत जाताना दिसतात. चढतही नाहीत आणि वेगही धरत नाहीत.

याला साधी चाचणी आहे. निम्म्या धावपट्टीवर उठण्याच्या वेगाच्या ७० टक्के वेग आला नसेल तर थ्रॉटल बंद. हा आकडा हवेतून काढलेला नाही. एकसारख्या रेट्याने वेगाचा वर्ग अंतराच्या प्रमाणात वाढतो आणि ०.७ चा वर्ग ०.४९, म्हणजे जवळपास निम्मं अंतर. पाठीवरचा वाराही यातच सापडतो : १७२ च्या पुस्तकात मागून येणाऱ्या दर दोन नॉट वाऱ्याला टेकऑफचं अंतर दहा टक्क्यांनी वाढवायला सांगितलंय.

वजनाचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे २५ ऑगस्ट २००१ चा बहामामधल्या मार्श हार्बरचा अपघात. गायिका आलिया आणि तिच्या सोबतचे धरून नऊ जण त्यात गेले. सेस्ना ४०२ बी हे दोन इंजिनांचं विमान मर्यादेपेक्षा सुमारे ७०० पौंडांनी जड होतं, आणि गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेच्याही मागे होता. हे दुसरं पहिल्याहून वाईट. वजन मागे गेलं की उठताना नाक आपणहून वर जायला बघतं आणि ते खाली आणायला शेपटीची ताकद पुरत नाही. ११ एप्रिल १९९६ ला अमेरिकेत शायेनला पडलेल्या सेस्ना १७७ बी मध्ये मात्र जादा वजन शंभर पौंडांच्या आतलंच होतं. पण धावपट्टी सहा हजार फुटांवर, वर पाऊस, झोंबणारा वारा, पुढचा कार्यक्रम ठरलेला. एकेक गोष्ट किरकोळ वाटते. आत सात वर्षांची मुलगी होती.

आणि अनुभवाचा भरवसा धरणाऱ्यांसाठी एक. ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेतल्या राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे मोठं बॉम्बर उठताच जवळजवळ उभं झालं आणि कोसळलं. वाऱ्यापासून जपायला लावलेलं कंट्रोलचं कुलूप काढायचंच राहिलं होतं. चालवणारे निवडक, कसलेले पायलट होते. छापील चेकलिस्ट वापरायची शिस्त त्या अपघातानंतर रुजली. छोट्या विमानात ते कुलूप म्हणजे योकमध्ये घातलेली एक पिन असते, आणि तिच्यावर लाल पताका लोंबत असूनही माणसं ती विसरतात.

आता मित्राचं आमंत्रण. जा की. फक्त विमानाजवळ गेल्यावर त्याला विचारा, ‘इथून उठल्यावर इंजिन बंद पडलं तर कुठे उतरशील?’ तो विचारात न पडता बोट करून ‘ते कुंपण ओलांडून डावीकडचं मोकळं रान’ असं काही म्हणाला तर निवांत बसा. ‘आजवर कधी बंद पडलं नाही’ म्हणाला तर पुढच्या आठवड्याची सबब सांगा. वजन विचारेल तेव्हा खरं सांगा, बॅगेसकट. खांद्याचा पट्टा घट्ट ओढा, दाराची कडी कशी उघडते ते बसल्याबसल्या दोनदा करून बघा, आणि पुढे बसणार असाल तर पाय रडरच्या पेडलपासून दूर ठेवा. वर जाताना कधी कधी दार फटकन किलकिलं होतं. आवाज भयंकर येतो, विमान उडत राहतं. ते बंद करायला धडपडताना विमान सोडून दिल्याने माणसं गेली आहेत, दारामुळे नाही. तेव्हा पहिले हजार फूट मित्राशी बोलू नका. दार उघडलं तरी.